आधी पाठ बघायची

बाळा, हे चित्र आता तुझ्या घरी जायचं, म्हणून सांगतो. तसबीर उतरवलीस की आधी तिची पाठ बघायची. समोरून वर्षानुवर्षं सगळं ठीक दिसतं. आपल्या रत्नागिरीत ओल शिरते ती भिंतीकडून. जांभ्याची भिंत आषाढात पाणी पिते, चौकट तिला चिकटलेली असली की कागदावर तपकिरी ठिपके उठतात. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या लाव, वारा फिरता राहील. पश्चिमेची भिंत नको, माजघरातली आतली बरी. मिरगाच्या आधी एकदा आणि नवरात्रात एकदा उतरवून बघ. कसर आधी मागच्या खळीवर येते.

काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर नाही. काचेवरचा ओघळ चौकटीत उतरतो आणि हातानं भरलेला रंग सुटतो.

कड मात्र कधी कापू नकोस. मी विशीत असताना चौकट लहान पडली म्हणून खालची पट्टी कातरली. चित्राचं नाव त्या पट्टीवरच होतं. अजून जीव हळहळतो.

आता येणारा प्रत्येक जण विचारतो, चित्रातले हे उभे दगड म्हणजे थडगी का? तू नीट सांग. हे सिनाईतलं सराबित अल-खादिम. इजिप्तचे राजे तिथे फिरोजा खणायला माणसं पाठवायचे. त्यांनी डोंगरमाथ्यावर हाथोर देवीचं देऊळ बांधलं आणि कोणाच्या कारकिर्दीत कोण आलं ते या दगडांवर कोरलं. चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्स १८३९ मध्ये उंटावरून तिकडे गेला, आणि त्याचं चित्र लुई हागनं लंडनमध्ये छपाईच्या शिळेवर उतरवलं. पुढे १९०५ मध्ये उत्खनन करणाऱ्या पेट्रीला तिथे फार जुनी अक्षरं सापडली. त्या खाणीवर राबणाऱ्यांपैकी कुणीतरी ती कोरली असावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भिंग लावून बघ. शिळाछापाचे कण रव्यासारखे विस्कटलेले दिसतात. हल्लीच्या छपाईत ठिपके ओळीनं बसतात. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो नंतर मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीही अशाच शिळेवरून उतरल्या. देवघरातली आपली लक्ष्मी भिंगाखाली धर, लगेच कळेल.

आज पाऊस आहे, हात लावू नकोस. दसऱ्यानंतर ऊन कोरडं पडलं की ये, दोघं मिळून उतरवू. येताना धुतलेली सुती चादर आण. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही.