घाव सोसलेली नाणी

सटाणा हे नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण तालुक्याचे मुख्य गाव. ज्यांना लोक प्रेमाने 'देवमामलेदार' म्हणतात, त्या यशवंतराव महाराजांचे मंदिर येथे आहे. एकोणिसाव्या शतकातील एका दुष्काळात या मामलेदारांनी सरकारी खजिना भुकेल्या रयतेसाठी मोकळा केला, अशी कथा बागलाणात घरोघरी सांगितली जाते. हिवाळ्यात त्यांची मोठी यात्रा भरते. अशा यात्रांतून आणि आठवड्याच्या बाजारांतून कधी कधी एखादा विक्रेता फडके अंथरून जुनी नाणी मांडून बसतो. त्या ढिगात झिजलेले रुपये असतात, भोक पाडलेले पैसे असतात, अर्धीमुर्धी अक्षरे उमटलेली तांब्याची नाणीही असतात.

नाण्यांचा छंद असलेल्या मुलाजवळ पैसे थोडेच असतात. खराब झालेले नाणे विकत घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. प्रश्न दिसतो लहान, पण त्याचा परिणाम मोठा असतो. दिसेल ते नाणे घेणारा मनुष्य फसतो आणि त्याचा संग्रह म्हणजे अडगळ होऊन बसते. उलट, जे नाणे कोणीच घेत नाही ते पुष्कळदा मोडीच्या भावाने मुशीत जाते. मुशीत वितळलेल्या नाण्याची धातू उरते, परंतु त्याने सांगितलेली हकीकत कायमची नाहीशी होते. म्हणून नाण्यावरील प्रत्येक घाव कशाचा आहे, हे ओळखावयास शिकले पाहिजे.

नाण्याला होणारी पहिली इजा म्हणजे झीज. राणी व्हिक्टोरियाचा, १८६२ हे साल असलेला चांदीचा रुपया घेतला, तर त्याचे मूळ वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम असे. हजारो हातांतून फिरताना प्रथम राणीचा गाल व केस झिजतात, कारण तेच भाग सर्वांत उंच असतात. ही झीज प्रामाणिक होय. हे नाणे लोकांच्या व्यवहारात खरोखर चालले, एवढेच ती सांगते. परंतु असे रुपये आजही पुष्कळ मिळतात. जे नाणे चांगल्या स्थितीत सहज मिळू शकते, त्याचा अगदी गुळगुळीत झालेला नमुना घेण्याची घाई करू नये. थोडा धीर धरावा आणि अधिक स्पष्ट नाणे पाहावे.

काही नाणी खराब दिसतात, पण ती खराब झालेली नसतात. शिवाजी महाराजांच्या काळापासून महाराष्ट्रात तांब्याची शिवराई चालत असे. तिच्या एका बाजूवर 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूवर 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. ही नाणी हाताने पाडली जात. धातूची चकती खालच्या ठशावर ठेवीत, वर दुसरा ठसा धरीत आणि त्यावर हातोड्याचा घाव घालीत. पुष्कळदा ठसा मोठा आणि चकती लहान असे. त्यामुळे काही अक्षरे चकतीच्या बाहेर राहून जात. एखाद्या शिवराईवर 'छत्र' एवढेच दिसले, तर बाकीची अक्षरे कोणी पुसली असे समजू नये. ती त्या नाण्यावर कधी उमटलीच नव्हती. अशा नाण्याला दोष देणे म्हणजे कारागिराची रीत न समजणे होय.

परंतु घाव हाच नाण्याचा खरा अलंकार कसा ठरतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच घडले. १९०६ साली जोगळटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा फार मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती सर्व नहपान या क्षत्रप राजाची होती. हा राजा क्षहरात वंशातला. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूला राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र असून ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिप्यांत लेख आहे.

या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर मात्र एक नवल दिसले. नहपानाच्या मुखवट्यावर आणि लेखावर कोणीतरी दुसराच ठसा ठोकलेला होता. कोठे राजाच्या गालावर डोंगरासारखे चैत्याचे चिन्ह उमटले होते, कोठे बाण व वज्र यांच्यावर चार वर्तुळांचे उज्जयिनी चिन्ह बसले होते. जुनी अक्षरे तुटली होती, चेहरे विद्रूप झाले होते. केवळ सुंदर नाणी शोधणाऱ्याने ती बहुधा बाजूला सारली असती. पण नव्या ठशातील ब्राह्मी अक्षरे वाचली, तेव्हा त्यांतून गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव पुढे आले.

याचा अर्थ काय? नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा एक लेख कोरलेला आहे. माझ्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूल केला, अशा आशयाची स्तुती त्यात आहे. आईने केलेल्या स्तुतीत अतिशयोक्ती असू शकते, अशी शंका कोणासही येईल. जोगळटेंभीच्या नाण्यांनी त्या लेखाला बळकट पुरावा दिला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपानाचे चलन गौतमीपुत्राच्या हाती आले; त्याने ती चांदी वितळवली नाही, तर तिच्यावर आपली मुद्रा उमटवून तीच नाणी पुन्हा चालू केली. एकाच लहानशा चकतीवर दोन राजे शेजारी शेजारी वाचता येतात. एक राज्य गेले आणि दुसरे आले, ही हकीकत ते घाव सांगतात. त्या घावांशिवाय हे नाणे अर्धेच बोलले असते.

लहान घावांनाही असाच अर्थ असतो. जुन्या काळी रुपया खरा की खोटा हे पाहण्यासाठी सराफ त्यावर बारीकशी खूण ठोकीत. अशी एखादी खूण म्हणजे त्या रुपयाने दिलेली परीक्षाच होय. काही रुपयांना कडी लावलेली किंवा भोक पाडलेले असते. ते कोणाच्या तरी गळ्यातील माळेत ओवलेले असतात. संग्राहकांच्या बाजारात भोकाने किंमत बरीच उतरते, हे खरे. तथापि घरातील आजीच्या माळेतील रुपया त्या घराच्या दृष्टीने अमोल असतो. तो बदलून चकचकीत रुपया घेणे शहाणपणाचे नव्हे.

सटाण्याच्या मुलाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जवळच्या मुल्हेर गडावर बागूल राजांची राजधानी होती. १६३८ मध्ये मोगलांनी बागलाण जिंकून घेतले. त्यापूर्वी मुल्हेरला 'महमुदी' नावाची चांदीची नाणी पाडली जात. आपल्याच प्रांतातील असे नाणे थोडे झिजलेले असले, तरी जाणकाराने ते खरे असल्याचे सांगितल्यास त्याला संग्रहात मानाचे स्थान द्यावे.

मग नाकारावे कोणते? ज्याच्या कडा कानशीने घासून चांदी चोरली आहे, ते नाणे वजनात कमी भरते. ज्याला चिंच, राख किंवा वाळूने घासून नव्यासारखे केले आहे, त्याची बारीक अक्षरे त्या घासण्याने गेलेली असतात. घरी आणलेले नाणेही असे कधी घासू नये. तांब्याच्या नाण्यावर हिरवट भुकटी धरून ती वाढत असेल, तर तो नाण्याचा रोग होय. असे नाणे इतर नाण्यांत ठेवू नये. साच्यात ओतलेली बनावट नाणी तर सर्वांत घातक. त्यांची अक्षरे बोथट असतात, अंगावर बारीक छिद्रे असतात आणि कडेवर कधी कधी जोडाची रेषा दिसते. 'हे फार दुर्मिळ आहे, आजच घे,' असे विक्रेता म्हणू लागला, की दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्या मनुष्याला बरोबर घेऊन यावे हेच बरे.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली नाणी गुपचूप विकली जात असतील, तर ती मुळीच घेऊ नयेत. पुरलेल्या धनासंबंधीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. साठा फुटला आणि नाणी चार दिशांस गेली, म्हणजे त्यांचा एकत्रित पुरावा नष्ट होतो. जोगळटेंभीची नाणी एकेकटी विखुरली असती, तर किती नाण्यांवर नवा ठसा बसला होता हे कोणाला मोजता आले असते?

तेव्हा नाणे हाती घेतल्यावर चार प्रश्न विचारावेत. ते खरे आहे काय? कोणाचे व कोठले, हे अजून ओळखता येते काय? त्यावरील घाव काही सांगतो, की केवळ सांगणे बंद करतो? आणि मागितलेली किंमत त्याच्या स्थितीला साजेशी आहे काय? चारही उत्तरे अनुकूल असतील, तर नाणे कितीही कुरूप असो, ते घ्यावे. उत्तर सुचत नसेल, तर जाणकारास विचारावे. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली एक संशोधन संस्था उभी राहिली आहे. तिच्या उभारणीत डॉ. परमेश्वरीलाल गुप्त या विद्वानाचा मोठा वाटा होता.

संग्राहक हा नाण्याचा मालक असतो, त्याहून अधिक तो त्याचा राखणदार असतो. सुंदर नाणे राखणारे पुष्कळ मिळतात. घाव सोसलेल्या नाण्याला मात्र त्याची भाषा समजणारा एखादाच भेटतो.

स्वाध्याय

१. शिवराईवरील अर्धवट अक्षरांचे कारण काय?
२. जोगळटेंभीच्या नाण्यांवरील दुसऱ्या ठशामुळे कोणती ऐतिहासिक गोष्ट कळली?
३. कोणती नाणी विकत घेऊ नयेत? कारणे द्या.
४. 'संग्राहक हा नाण्याचा राखणदार असतो' हे वाक्य स्पष्ट करा.
५. शब्दार्थ लिहा: मूस, झीज, निर्मूल करणे, राखणदार.
६. घरातील एखादे जुने नाणे पाहा. त्यावर काय दिसते व काय झिजले आहे, याचे दहा ओळींत वर्णन करा.