मलावष्टंभ : रेचनापूर्वी हेतुविचार

मलावष्टंभ हे पुष्कळदा अन्य व्याधीचे लक्षण असते. म्हणून अपानवैगुण्याचा विचार करतानाच रुग्णाची चालू औषधे आम्ही प्रथम विचारतो. लोहाच्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियमयुक्त अँटासिड, कोडीन व रक्तदाबावरील व्हेरापामिल यांनी मलावरोध होतो. थकवा, थंडी सहन न होणे व वजनवाढ सोबत असल्यास टीएसएच तपासावे. मधुमेह, कंपवात व रक्तातील कॅल्शियमवृद्धी हेही हेतू होत. उतारवयात मलप्रवृत्ती नव्याने बदलल्यास, किंवा कोणत्याही वयात मलातून रक्त, पांडुता वा वजनक्षय आढळल्यास सोनामुखी देत न राहता पुढील तपासणीसाठी तज्ज्ञाकडे पाठवावे. वारंवार रेचक मागणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनीही वैद्याकडे धाडावे. निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा खरी. परंतु हेतू कळल्यावाचून त्याचे वर्जन होत नाही.