सरळ चाक, बेसूर आरे

नांदगावातल्या सायकल दुकानात अकरावीतली एक मुलगी चाक घ्यायला आली होती. काकांनी आउट काढून झाला होता, रिम कुठेच डुलत नव्हती. तरी ते एकेका आऱ्याला टिचकी मारत होते.

“सरळ झालं ना काका? मग वाजवताय काय?”

“सरळ रिम फसवते पोरी. एकाच बाजूचा एक आरा ढिला आणि पुढचा जास्त कसलेला, तरी दोघं मिळून रिम जागेवर धरतात. मग कधीतरी ढिल्याचं निपल, म्हणजे रिमपाशी आरा धरणारी चावी, फिरतं आणि आउट परत!”

“आणि ते कानाला कळतं?”

“ताण चौपट झाला की कंपनं दुप्पट. दोन मिलिमीटर जाडीचा, २८ सेंटीमीटर मोकळा आरा १०० किलोच्या ताणावर साधारण ३५५ हर्ट्झला वाजेल; ८० किलोवर ३१८ला.”

पेटी शिकणाऱ्या मुलीला हे लगेच उमगलं. “म्हणजे रे वरून थेट सा!”

कागदावर, हो. प्रत्यक्षात आरे एकमेकांना टेकून जातात, त्यामुळे हिशेब चुकतो. एका बाजूचे आरे सारखे आहेत का, हे कान सांगतो. ताण किती किलो, ते मीटरने मोजायचं. त्यात आरा दोन खुंट्यांवर टेकतो आणि मधून स्प्रिंग त्याला ढकलते. ताण जास्त तितका वाक कमी. आलेला आकडा आऱ्याच्या जाडीच्या तक्त्यात बघायचा.

“किती हवा?”

“रिमच्या कंपनीने मर्यादा दिली असेल तर तिच्या आत. नाहीतर गिअरच्या सायकलीत मागे उजवीकडे १०० ते १२० किलो. डावीकडे मात्र निम्म्याच्या थोडा वर. तिथे आरे जास्त तिरके असतात.”

“एवढा कशाला?”

इथे काका खुलले. चाकावर वजन आलं की जमिनीकडचे आरे थोडे सैल होतात, वर गेले की पुन्हा ताणले जातात. अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी सायकलच्या चाकावरच्या १९८१च्या पुस्तकात हेच मांडलं. मुळात ताण कमी असेल तर खालचा आरा पार लुळा पडतो. आणि हे किती वेळा घडतं? नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली जोडीने रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली. ते सुमारे ४,८०० किलोमीटर एकाच चाकावर काढायचे तर सुमारे २३ लाख फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला तीच सैल-ताण. आरा तुटतो तो बहुधा या थकव्याने, हबपाशी वाकतो तिथे.

“माझ्याकडे मीटर नसेल तर?”

“तितक्याच जाडीचे, लांबीचे आरे असलेलं चांगलं चाक शेजारी ठेव आणि सूर जुळव. मग जोडीजोडीने आरे मुठीत दाब आणि आउट पुन्हा तपास.”