सक्ती कोणावर?

विद्यार्थ्यांनो, फारसीतला 'सख्त' उर्दूत तसाच राहिला, मराठीत 'सक्त' झाला. 'सक्त ताकीद' तुम्हांला लगेच समजते. 'सक्तीचे' मात्र फसवते. "मराठी सक्तीची आहे" याचा अर्थ तिसगावच्या आमच्या वर्गात एकाने "मराठी कठीण आहे" असा सांगितला. सारे हसले, पण चूक साहजिक होती. 'सक्तीचे' म्हणजे उर्दूतील 'लाजमी'.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होई. म्हणजे सक्ती पालकांवर! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही 'सक्तीचे' हाच शब्द आहे. पण तेथे ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळवून देण्याचे बंधन सरकारवर आहे.

पाहुण्याला मात्र जेवणाचा आग्रह करतात, सक्ती नव्हे.

स्वाध्याय : 'सक्ती' व 'आग्रह' हे शब्द वाक्यांत वापरा.