काट्याला खोटं ठरवण्याआधी

बाळा, गिऱ्हाईक गाडी लावता लावताच सांगेल, "तापमानाचा सेन्सर गेलाय, बदलून टाका." तू लगेच नवा डबा फोडू नकोस. तापमानाचा काटा कदाचित खरंच सांगत असेल. टाकीत पाणी किती आहे, पाईप फुगलाय का, खाली ओल दिसते का, ते आधी बघ. इंजिन तापलेलं असेल तर रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल झालं की वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा पाईप मुठीत धरवेपर्यंत थांब.

हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण माझ्या हातून एक गाडी गेली आहे. खंबाटकी घाट चढून टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, काटा वर गेला आणि मग आपोआप खाली आला. मला वाटलं, काटा उड्या मारतोय म्हणजे सेन्सरच. नवा बसवला, पाणी न बघता गाडी सोडली. साताऱ्यापर्यंत पोहोचली नाही, हेड वाकलं. पाणी संपलं की सेन्सरचं टोक कोरडं पडतं आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली उतरतो. त्या गिऱ्हाइकाचा चेहरा मला अजून आठवतो.

पाणी बरोबर असेल, तर मग सेन्सरकडे वळ. सगळ्यात चांगली वेळ सकाळची. गाडी रात्रभर उभी असते, तेव्हा इंजिनातलं पाणी आणि आत येणारी हवा, दोन्ही बाहेरच्या हवेइतकीच गार असतात. चावी फिरव, स्टार्टर मारू नकोस, स्कॅनर लाव. दोन्ही आकडे दोन-चार अंशांत जुळले पाहिजेत. हवा २४ आणि पाणी ५० दाखवत असेल, तर दोष तिथेच आहे.

आकडा उणे ४० आला, तर कुठेतरी तार तुटली आहे, सेन्सरच्या आत किंवा बाहेर. १३० च्या पुढे अडकला, तर दोन तारा एकमेकींना लागल्यात. दोन वायरींचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढ. आकडा उणे ४० वर गेला पाहिजे. मग वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोड. आता आकडा एकदम टोकाला चढला, तर वायरिंग आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक, सेन्सरच गेलाय. हलला नाही, तर सेन्सर बिचारा निर्दोष आहे. पावसाळ्यात तर वायरिंगवरून हात फिरवच, उंदराने कुरतडलेली वायर बोटाला कळते. कनेक्टरमध्ये हिरवा गंज दिसला तर तो साफ करून परत आकडा बघ. निम्म्या गाड्या माझ्याकडून एवढ्यावरच गेल्या आहेत.

शंका राहिलीच, तर सेन्सर काढून पातेल्यात धर. पितळी टोक पाण्यात, पिना कोरड्या, मल्टिमीटरच्या दोन्ही सुया पिनांना, शेजारी थर्मामीटर. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास येतं, ८० ला तीनशेच्या आसपास. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात बघ. पण माझी नजर आकड्यापेक्षा उतरण्यावर असते. पाणी तापतं तसा आकडा सलग खाली यायला हवा. पाणी ६० अंशांवर आलं आणि आकड्याने मध्येच उडी मारली, की तो सेन्सर ठेवायचा नाही. हाच दोष रस्त्यावर सापडत नाही आणि गिऱ्हाईक चार वेळा परत येतं.

जुन्या एका वायरीच्या सेन्सरला आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस. त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं.

नवा बसवलास की कूलंट सावकाश भर, हीटर पूर्ण गरमवर ठेव आणि फॅन आपोआप दोनदा लागेपर्यंत गाडीपाशीच थांब. आत हवा अडकली असेल तर नवा सेन्सरही चुकीचंच सांगेल. गाडी त्याच दिवशी द्यायची असेल तर गिऱ्हाइकाला उद्या सकाळी गार इंजिनावर पाण्याची पातळी दाखवायला बोलाव. हवा निघून गेली की पातळी थोडी उतरतेच, तेवढी भरून दे.