पोटॅशियम सुपर-ऑक्साइड : स्फटिकरचना आणि चुंबकत्व

उच्छ्वासातील बाष्प व कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन त्यांच्या बदल्यात ऑक्सिजन देणारा एक पिवळा घन पदार्थ खाणींतील श्वसनयंत्रांत वापरतात. हाच पोटॅशियम सुपर-ऑक्साइड होय. चुंबकत्व म्हटले की लोखंड, निकेल हे धातू आठवतात. या पदार्थातील चुंबकत्व मात्र धातूचे नसून ऑक्सिजनचे आहे.

पोटॅशियम भरपूर ऑक्सिजनमध्ये जाळले असता हा पदार्थ मिळतो. त्यात पोटॅशियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू असतात. तथापि त्याचे सूत्र दीर्घकाळ दुप्पट, म्हणजे पोटॅशियमचे दोन व ऑक्सिजनचे चार अणू असे मानले जाई. दोन्ही सूत्रांत वजनाचे प्रमाण एकच असल्यामुळे रासायनिक पृथक्करणाने हा प्रश्न सुटणारा नव्हता. तो चुंबकीय मापनाने सुटला. ऑक्सिजनच्या दोन अणूंनी मिळून एकच जादा इलेक्ट्रॉन घेतला, तर त्या आयनात १७ इलेक्ट्रॉन होतात. ही संख्या विषम असल्याने एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहतो आणि पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढला जातो. लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये अशा आयनाची कल्पना मांडली. १९३४ मध्ये एडवर्ड न्यूमन यांच्या मापनाने ती खरी ठरली.

स्फटिकात या आयनांची मांडणी मिठासारखी असते : एक पोटॅशियमचा आयन, एक ऑक्सिजनचा, असा क्रम. परंतु ऑक्सिजनचा आयन गोल नाही. तो डंबेलसारखा लांबट असून त्याच्या दोन अणूंतील अंतर सुमारे १.३ अँगस्ट्रॉम असते. नेहमीच्या तापमानाला सर्व डंबेले एकाच दिशेने उभी असतात. त्यामुळे घनाकृती रचना त्या दिशेने ताणली जाते. सुमारे १२० अंश सेल्सियसच्या वर ही शिस्त मोडते व स्फटिक घनाकृती होतो. थंड करत गेल्यास डंबेले कलतात.

सुमारे ७ केल्व्हिनखाली एकेकट्या इलेक्ट्रॉनांतही क्रम येतो. न्यूट्रॉन विवर्तनाने असे आढळले आहे की, एका थरातील चुंबकीय दिशा परस्परांना समांतर, तर लगतच्या थरातील त्यांच्या उलट असतात. परिणामी एकूण चुंबकत्व शून्य होते. यालाच प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात.

रुबिडियम सुपर-ऑक्साइडमध्ये हा क्रम सुमारे १५ केल्व्हिनला, तर सीझियमच्या संयुगात सुमारे १० केल्व्हिनला येतो. तिघांत पोटॅशियमचा आयन सर्वांत लहान, म्हणून त्याच्या स्फटिकात डंबेले सर्वांत जवळ असतात. तरी तेथील तापमान सर्वांत कमी आहे. म्हणजे केवळ अंतराने सारे ठरत नाही. एकट्या इलेक्ट्रॉनाला डंबेलाच्या अक्षाभोवती जवळजवळ समान ऊर्जेच्या दोन कक्षा उपलब्ध असतात. त्यांपैकी तो कोणती स्वीकारील हे डंबेलाच्या कलावर अवलंबून असते. उलट चुंबकीय क्रम येताच तो कलही बदलतो. म्हणूनच या पदार्थांत रचना व चुंबकत्व यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.