आकडा छापलेल्या बारचा

चि. सायली हिस,


तू हाताने उतरवलेले पार्ट पाहिले. अक्षर नेटकं आहे. पण व्हायोलिनच्या पार्टवर शेवटचा बार 64 आणि चेलोच्या पार्टवर 32, हे कसं? पेत्झोल्डचा जी मेजर मिन्युएट 16-16 बारच्या दोन भागांचा. दोन्ही भाग दोनदा वाजतात, म्हणून कानावर 64 बार पडतात. कागदावर 32च असतात. चेलोचे आकडे बरोबर आहेत.

आकडा द्यायचा तो छापलेल्या बारला, तो कितीही वेळा वाजो. तू तबला शिकली आहेस. आवर्तन कितवंही असो, समेची मात्रा पहिलीच. कार्यक्रमाला वेळ अपुरा पडला आणि तालीम घेणाऱ्या सरांनी ऐन वेळी रिपीट गाळला, तर 64चा हिशेब कोलमडतो, 32चा तसाच टिकतो. तालमीत जागा दाखवताना ‘बार 9, दुसऱ्या वेळी’ एवढं म्हटलं की पुरे. दा कापोने सुरुवातीला परतलं तरी आकडे जुनेच.

सुरुवातीचा पिकअपचा अपुरा बार मोजू नकोस. पहिला पूर्ण बार तो 1. रिपीटच्या खुणेने एखादा बार मधोमध तोडला असेल, तर दोन्ही तुकड्यांना मिळून एकच आकडा. म्यूझस्कोर सॉफ्टवेअरवर लिहिशील तेव्हा दुसरा तुकडा गणतीतून वगळायची सोय बारच्या प्रॉपर्टीजमध्ये आहे.

खरी पंचाईत फर्स्ट आणि सेकंड एंडिंगची, म्हणजे दोन खेपांच्या वेगळ्या शेवटांची. काही जण सलग मोजतात: पहिल्याला 16, दुसऱ्याला 17. काही संपादक 16अ, 16ब असे आकडे देतात; त्याने पुढच्या भागाचे आकडे सरकत नाहीत. दोन्ही रीती चालतात. सरांच्या स्कोअरमध्ये जी असेल तीच सगळ्या पार्टांत घे, स्वतःची तिसरी काढू नकोस.

रिपीटची खूण न देता पुनरावृत्ती पूर्ण लिहून काढली असेल, तिथे मात्र नवे आकडे हवेत. सी. पी. ई. बाखने 1760 साली छापलेल्या सोनाटांत दुसरी खेप बदलून लिहिली आहे. ते बार वेगळे, म्हणून आकडेही वेगळे.

झेरॉक्स काढण्याआधी सगळे पार्ट शेजारी मांड आणि प्रत्येक रिपीटच्या खुणेजवळचा व अगदी शेवटचा आकडा ताडून बघ. व्हायोलिनचा पार्ट मात्र आजच दुरुस्त कर.

तुझी,
आत्या